नटावरचा टाका

त्याला खरं नाव होतं, पण ते बँकेला आणि दवाखान्यालाच ठाऊक. बाकी जगाला तो डबल, आणि वयाने लहान असतील त्यांना डबलकाका. नाव ठेवलं वर्कशॉपच्या मालकाने, आणि उगाच ठेवलं नाही. जिथे वेल्डिंगचा एक टाका पुरतो तिथे हा गृहस्थ दोन मारायचा. घराला कुलूप लावून जिना उतरायचा, आणि कुलूप नीट लागलंय का ते ओढून बघायला पुन्हा जिना चढायचा. बुटांच्या नाड्यांना गाठीवर गाठ. बायको तर येईल त्याला सांगायची की लग्नाचा होकारसुद्धा यांनी दोनदा कळवला. एकदा फोन करून, आणि मघाचं ऐकू आलं होतं ना, हे विचारायला दुसऱ्यांदा फोन करून.

चिडवलं तरी तो चिडायचा नाही. त्याचं म्हणणं एवढंच की पहिल्यांदा काम करणारा माणूस कधी अर्धवट झोपेत असतो, कधी घरी भांडून आलेला असतो, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा. दुसऱ्यांदा केलं की रात्री झोप लागते. आणि खरोखरच त्याला झोप छान लागायची. घोरायचाही तो दुप्पट, असं बायको म्हणायची.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड, समोर खडीचं अंगण, मागे भंगार. तिथे ट्रक यायचे, पण माल वाहणारे नव्हेत. जिथे रस्ता संपतो तिथून ज्यांची मजा सुरू होते, अशा लोकांचे हे ट्रक. खडक, ओढे, चिखल, उभी चढण, जिथे शहाण्या माणसाने पायीसुद्धा जाऊ नये तिथे ही मंडळी चार चाकं घेऊन जायची आणि सुट्टी संपली की मोडलेलं काहीतरी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी राहायची. अशा ट्रकला आतून जाड पाइपांचा सांगाडा घालावा लागतो, म्हणजे ट्रक उलटला तरी छत डोक्यावर येत नाही. सगळे त्याला केज म्हणायचे. डबल म्हणायचा पिंजरा.

आता सगळाच पिंजरा वेल्ड करून टाकला तर आतलं काही बाहेर काढायची सोय राहत नाही. सीट काढायला जावं तर पाइप आडवा, जखमी माणूस काढायला जावं तर पाइप आडवा. म्हणून काही पाइप सुटे ठेवतात आणि त्यांच्या टोकांना क्लॅम्प बसवतात. क्लॅम्प म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे, दोघांनाही दात. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात, आरपार बोल्ट जातात, आणि जोड पाइपाइतकाच पक्का होतो. एक तुकडा पिंजऱ्याला वेल्ड करायचा, दुसरा सुट्या पाइपाला. पान्हा फिरवला की पाइप हातात.

सांगायला सोपं आहे, करायला बसलं की घाम फुटतो. लोखंड तापलं की ओढलं जातं. दोन तुकडे वेगवेगळे वेल्ड केले तर नंतर दात खाचांत बसायचं नाव घेत नाहीत. म्हणून आधी ते एकमेकांत बसवून, बोल्ट घालून, मगच वेल्ड करायचे. तेही जुन्या बोल्टवर, कारण त्या आचेने बोल्टचा जीव जातो. समोरासमोर चार टाके, मग थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने, म्हणजे ओढ सगळीकडून सारखी बसते. झालं की हात लावायचा नाही. पाणी मारायचं नाही, फुंकरही घालायची नाही, आपलं आपण गार होऊ द्यायचं. घाई करून गरम असतानाच बोल्ट काढला की क्लॅम्प फाकतो, आणि मग तो कुणाच्या बापाला परत बसत नाही. पुरता गार झाल्यावर जुने बोल्ट काढून नवे घालायचे, आवळायचे, आणि तिथे थांबायचं.

तिथे थांबायचं, हे मालक खास डबलकडे बघून सांगायचा. नट हलू नये म्हणून त्याच्यावर वेल्डिंगचा टाका मारायची काही कारागिरांना खोड असते. या वर्कशॉपमध्ये ते चालत नव्हतं. मालक म्हणायचा, "टाकाच मारायचा असेल तर क्लॅम्प कशाला आणलाय रे? पाइप सरळ चिकटवून टाक ना, माझे कष्ट तरी वाचतील." डबल मान हलवायचा. दुसऱ्यांच्या ट्रकवर त्याने हा नियम कधी मोडला नाही.

लेक एकुलती एक. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांचे डोळे तपासायची. पण शाळा सुटली की दप्तरासकट वर्कशॉपमध्ये येऊन बसणारी ती पोर, तेव्हा तिने नवरा कुठून आणला हे कुणी विचारायची गरज पडली नाही. जावई आठवडाभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी, सासूच्या भाषेत सांगायचं तर, स्वतःची हाडं मोडायची सोय बघायचा. त्याने आणि लेकीने मिळून एक जुना ट्रक घेतला होता. दोघंही चालवायचे, आणि कोण बरं चालवतं यावरून जेवताना वाद घालायचे. डबलला जावई मनापासून आवडायचा. त्याच्यापाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं कारण.

त्या ट्रकचा पिंजरा अर्थातच डबलने केला. दोन्ही दारांच्या बाजूचे आडवे पाइप सुटे, त्यांना क्लॅम्प. सगळं शांतपणे, नियमाने केलं. नवे बोल्ट घातले, आवळले, पुन्हा आवळले. तरी मन भरेना. तो ट्रकभोवती एक चक्कर मारून आला, परत पान्हा लावून बघितला. नट जागचा हलत नव्हता. पण त्या खडकांवरची ती थरथर, तास न् तास, एखादा नट सैल झाला आणि ऐन वेळी पाइप सुटला तर? या पाइपाच्या आत त्याची लेक बसणार होती, जावई बसणार होता. मालक जेवायला गेलेला. डबलने काच डोळ्यांवर ओढली आणि प्रत्येक नटाला, खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असा डाळीएवढा टाका मारला. वरून काळा रंग. त्याला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून निघताना तो ते बघायला पुन्हा जिना चढला नाही.

अपघात झाला तो अशा ट्रकांच्या शर्यतीत नाही, सरावात. जावई ट्रक चालवत होता, लेक मागच्या गाडीत, वर्कशॉपच्या वायरमनबरोबर. एका उतारावर ट्रक घसरला, कलला, आणि ओढ्यातल्या खडकावर कुशीवर आदळला. पिंजरा टिकला. छत जागेवर राहिलं, डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. फक्त बाजूचा पाइप खडकाने वाकून आत आला आणि जावयाचा पाय त्याच्याखाली सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दवाखान्याच्या लांबच लांब पॅसेजमध्ये डबल बाकावर बसला होता. समोरची ट्यूबलाइट फडफडत होती, आणि त्याच्या मनात आलं, हिचा चोक बदलायला झालाय. मग त्याला स्वतःचंच नवल वाटलं की आपल्याला हे सुचतंय. लेक भिंतीला टेकून उभी होती, बायको तिला धरून रडत होती, आणि याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. तो उठला, सह्या हव्या होत्या तिथे सह्या केल्या, गाडी ठरवली, सगळ्यांना फोन केले. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर कसला, त्याला काही वाटतच नव्हतं. आणि काही वाटत नाही, याचंही काही वाटत नव्हतं.

आठवडाभराने तो कामावर गेला. वायरमन चहाचे पेले घेऊन त्याच्यापाशी येऊन बसला. हा मूळचा बडबड्या माणूस, पण त्या दिवशी त्याने आधी चहा संपवला.

"आम्ही खाली उतरलो तेव्हा शुद्धीत होता तो," वायरमन म्हणाला. "बोलत होता आमच्याशी. पाय पाइपाखाली, रक्त चाललेलं. जखमेच्या वर घट्ट बांधावं म्हटलं तर हात आत जाईना. म्हटलं, बाजूचा पाइप काढला की झालं. बोल्टांचंच तर काम. पान्हा लावला, पण नट काही फिरेना. जोर लावला तर पान्हाच घसरायला लागला. मग मी कटर आणायला वर पळालो. वरपर्यंत म्हणजे केवढं अंतर, काका. येऊन पाइप कापला, पण तोवर..."

डबल पेल्यातल्या चहाकडे बघत होता. वायरमनला वाटलं, याला काहीतरी धीराचं सांगावं.

"क्लॅम्प मात्र सुटला नाही हो. एवढा आपटला ट्रक, पण एक जोड हलला नाही. तुमचं कामच तसं."

"नट जाम झाले असतील," डबल म्हणाला. हे आपण बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"असतील," वायरमन म्हणाला, आणि पेले उचलून निघून गेला.

ट्रक मागे भंगारापाशी ताडपत्रीखाली ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत डबल तिकडे गेला, ताडपत्री उचलली आणि आत वाकून पाहिलं. पाइप कटरने कापलेला, पण क्लॅम्प जागच्या जागी. नटांचे कोपरे पान्हा घसरून घसरून गोल झाले होते आणि तिथला काळा रंग निघून लोखंड चकाकत होतं. एखादाच ओरखडा नव्हता, पुष्कळ होते. खालच्या अंगाला टाका शाबूत होता. चांगला टाका होता तो, नीट भिनलेला. ग्राइंडर आणून तो घासून टाकणं दोन मिनिटांचं काम, म्हणजे मग कुणाला काही कळायला नको, हे त्याला सुचलं. पण तेवढं करण्याचीही त्याला इच्छा झाली नाही. त्याने ताडपत्री पुन्हा पसरली, तिची दोरी बांधली, आणि जाऊन जेवला.

पाइप वेळेवर निघाला असता तर जावई वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एकाने म्हटलं कदाचित, दुसऱ्याने नुसती मान हलवली. डबलने तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. हे लेकीला कळलं तर ती पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, आणि तिच्याखेरीज त्याला आणि बायकोला दुसरं कुणी नाही. ती त्या दिवशी ओढ्यापाशी होती हे त्याला माहीत होतं. पण तिला कुणीतरी बाजूला नेऊन बसवलं असेल, असं तो धरून चालला होता. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

दिवस जात राहिले. लेक आपल्या दोन खोल्यांच्या घरातच राहायची, चार गल्ल्या सोडून. रविवारी जेवायला यायची. ती समोर बसली की डबल ताटात बघून जेवायचा. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं. लेकीने पहिल्याच घासाला सांगितलं, बायकोने जिभेला चटका बसल्यासारखं केलं, आणि डबलचं ताट बघितलं तर भाजी संपलेली.

"अहो, सांगायचं नाही का?"

"काय?"

"अळणी आहे ती."

"असेल," तो म्हणाला.

बायको लेकीकडे बघून म्हणाली, "हे असंच चाललंय यांचं. दगड झालाय माणसाचा." लेकीने मीठ घेतलं आणि बापाकडे जरा जास्त वेळ बघितलं, डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते तसं.

अशाच एका रविवारी तिने सांगितलं की तिला ट्रक दुरुस्त करून हवा आहे. चालवायला.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुणी चालवायला?"

"मी. आधीही चालवत होतेच की."

"त्याने जीव घेतला तुझ्या नवऱ्याचा, आणि तू परत त्यात बसणार?"

"ट्रकने नाही घेतला, आई."

"अहो, तुम्ही तरी बोला. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

डबल म्हणाला, "मालकाला सांगतो. वायरमनच्या ओळखीचा एक वेल्डर आहे, चांगला आहे."

"नाही," लेक म्हणाली. "काम तुम्हीच करायचं, बाबा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"बरं," तो म्हणाला.

मालकाने ट्रक शेडमध्ये घ्यायला लावला. जुने क्लॅम्प डबलने मुळापासून कापून काढले आणि आपल्या हाताने भंगारात टाकले, इतर तुकड्यांच्या ढिगात, जिथे काय कशाचं आहे हे कुणाला कळत नाही. झालं. आता सांगितलं नाही तर कधीच कुणाला कळणार नव्हतं. तरी सांगायला पाहिजे, हेही त्याला कळत होतं. ती या पिंजऱ्यात बसण्याआधी सांगायला पाहिजे, आणि सांगितलं की ती गेली. पारड्यात दोन्ही टाकून तो बघत होता, पण हाताला वजनच लागत नव्हतं.

लेक रोज दुकान सुटलं की वर्कशॉपमध्ये यायला लागली. एक रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसायची. लहानपणी याच शेडमध्ये ती बसायची तेव्हा प्रश्नांनी भंडावून सोडायची. आता नुसती बघायची. तो काच ओढायचा तेव्हा ती तोंड फिरवायची, ठिणग्या थांबल्या की पुन्हा वळायची. वायरमन तिला बघून मान खाली घालायचा आणि दुसऱ्या टोकाला काम काढायचा. डबलला वाटलं, बिचाऱ्याला त्या दिवसाची आठवण होत असेल.

नवा पाइप त्याने मापून कापला. कापलेली टोकं कानशीने साफ केली, क्लॅम्पचे तुकडे एकमेकांत बसवले, जुने बोल्ट घातले. पाइप दारात धरायला माणूस हवा होता. तो हाक मारायच्या आत लेक उठली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली.

"वर घे थोडं," तो म्हणाला. "आणखी. बस्स. आता हलू नको. डोळे मीट."

तिने डोळे मिटले. त्याने टाके मारले, समोरासमोर. मिटलेल्या डोळ्यांचा तिचा चेहरा त्या उजेडात दोन हातांवर होता. आत्ता सांगावं, त्याला वाटलं, तिचे डोळे मिटलेले आहेत तोवर. त्याने काच वर केली आणि म्हणाला, "उघड." एवढंच तोंडातून निघालं.

मग सगळीकडून थोडं थोडं करत त्याने वेल्ड पुरं केलं आणि मशीन बंद केलं. दोघं गार व्हायची वाट बघत बसले. लोखंड गार होताना बारीक टकटक आवाज करतं. शेडमध्ये बाकी कुणी नव्हतं, मालक अंगणात कुणाशी तरी मोठमोठ्याने फोनवर बोलत होता.

"आई झोपते का नीट?" लेकीने विचारलं.

"झोपते."

"आणि तुम्ही?"

"मीही झोपतो." हे खरं होतं. तो पडल्या पडल्या झोपायचा आणि सकाळी उठायचा, मधलं काही आठवायचं नाही.

"मला नाही लागत," ती म्हणाली.

त्याने क्लॅम्पवर हात फिरवून पाहिलं. गार झाला होता. तो उठला, जुने बोल्ट काढले, नवे घातले, आधी बोटांनी फिरवून मग पान्ह्याने आवळले. एकेक नट दोनदा आवळला. मग पान्हा खाली ठेवला आणि त्याचा हात आपसूक मशीनकडे गेला. बटण चालू झालं, पंखा घुरघुरायला लागला, वेल्डिंगची गन हातात आली. आपण काय करतोय हे त्याला त्या घुरघुरीनेच कळलं. लेक डब्यावर बसून त्याच्याकडे बघत होती.

त्याने गन खुंटीला लावली आणि मशीन बंद केलं.

तेव्हा ती उठली. तिने पान्हा घेतला, ट्रकच्या दारात गुडघ्यांवर बसली आणि पहिला नट सोडवायला लागली. त्याने नुकताच आवळलेला, त्यामुळे तिला पूर्ण अंगाचा जोर द्यावा लागला. नट हलला, मग बोटांनी फिरायला लागला. तिने तो काढून जमिनीवर ठेवला. दुसरा काढला, तिसरा काढला. डबल पुढे झाला तर म्हणाली, "राहू द्या, मला एकटीला जमतंय का बघायचंय." चौथाही निघाला. मग तिने बोल्ट ओढून काढले, पाइप दोन्ही हातांनी धरून बाहेर खेचला आणि खाली ठेवला. तिला धाप लागली होती.

"निघतो," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी पान्हा माझ्या हातात होता, बाबा."

डबल उभा होता तसाच उभा राहिला. बाहेर मालकाचं फोनवरचं बोलणं चालूच होतं.

"तुला टाका दिसला?" त्याने विचारलं.

"पान्हा घसरून रंग निघाला. खाली टाका. तो दुसऱ्या कुणाचा असणार होता?"

"मग बोलली नाहीस कधी."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. वायरमनकाकांनाही गप्प बसायला सांगितलं. तुम्ही जेवत होतात, कामावर जात होतात, पण बोलत नव्हतात."

"रागावलीस?"

"रागावले की," ती शांतपणे म्हणाली. "अजून आहे राग. रविवारी तुमच्यासमोर बसून घास गिळवत नव्हता मला. आईसाठी येत होते. मग म्हटलं, काम यांनाच देऊ आणि समोर बसून बघू, शेवटी हात कुठे जातो."

"गेला होता."

"पाहिलं मी. मागेही आला."

"आला नसता तर?"

"तर उठून गेले असते. परत तुमच्या घरी आले नसते." तिने पँटचे गुडघे झटकले. "राग जाईल की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही. पण येत राहीन."

त्याला आणखी एक विचारायचं होतं, आणि उत्तर ऐकायचं नव्हतं. तो ट्रकच्या चाकाला टेकला.

"जावई काही म्हणाले?"

तिने जमिनीवरचा एक नट उचलला. "विचारत होता, नट का फिरत नाही. सारखं तेच विचारत होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"गंजलाय म्हटलं."

"नवेकोरे होते ते. जावयांनी स्वतःच आणले होते."

"माहितीये. त्यालाही माहीत होतं." तिने नट मुठीत धरला. "त्याने वाकून नटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, हो, गंजला असेल."

डबल चाकापाशी खाली बसला. इतके दिवस जे कुठेच नव्हतं ते एकदम सगळं आलं, छातीत, घशात, हातापायांत, आणि त्याला इतकं दुखायला लागलं की तोंडातून आवाज निघाला. जावयाला कळलं होतं. पाय अडकलेला, रक्त चाललेलं, आणि त्या पोराने सासऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. डबल रडला, अंगावर कपडे नसताना थंडीत माणूस कुडकुडतो तसा रडला. लेकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती तिथेच उभी राहिली, त्याचं होईपर्यंत.

मग ती म्हणाली, "उठा, बाबा. पाइप परत बसवायचाय. मला एकटीला उचलून धरता येत नाही."

तो उठला. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. दात खाचांत बसले, पण त्याचे हात इतके थरथरत होते की बोल्ट भोकात जाईना. ती आपलं टोक धरून उभी राहिली आणि तिने घाई केली नाही.